लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (२० जून, इ.स. १८६९ - २६ सप्टेंबर, इ.स. १९५६) हे मराठी यंत्रनिर्माते आणि उद्योजक होते. बेळगाव येथे सायकल दुरुस्तीच्या लहानशा दुकानापासून त्यांनी कामास प्रारंभ केला आणि पुढे लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, उसाचे चरक, पंप व इंजिने तयार करणारा उद्योग उभा केला. इ.स. १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात त्यांनी वसविलेली किर्लोस्करवाडी ही भारतातील सर्वांत जुन्या औद्योगिक वसाहतींपैकी एक आहे. अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. यंत्रविद्या त्यांनी पुस्तके वाचून, यंत्रे उघडून पाहून आणि स्वतः हत्यारे हाताळून आत्मसात केली.

जन्म आणि बालपण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. आद्य मराठी संगीत नाटककार बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे याच घराण्यातील होत. घरातील वातावरण विद्याव्यासंगाचे असले, तरी लक्ष्मणरावांचे मन शालेय अभ्यासात रमत नसे. चित्रे काढणे आणि यांत्रिक वस्तूंशी खटपट करणे हे त्यांचे दोन आवडीचे विषय होते. त्या काळी पांढरपेशा कुटुंबातील मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी अशी सर्वसाधारण अपेक्षा असे. लोखंडाचे काम लोहाराचे आणि लाकडाचे काम सुताराचे, अशी जातिनिष्ठ विभागणी समाजात रूढ होती. ब्राह्मण कुटुंबातील मुलाने हाताला काळे लावून घेणे हे प्रतिष्ठेचे मानले जात नव्हते. लक्ष्मणरावांचा पुढील जीवनक्रम या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो.

मुंबईतील शिक्षण व नोकरी

चित्रकलेचे शिक्षण घेण्यास वडिलांची संमती नव्हती. मात्र ज्येष्ठ बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले आणि इ.स. १८८५ मध्ये लक्ष्मणरावांनी मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथे सुमारे दोन वर्षे शिकल्यानंतर त्यांना अंशतः रंगांधळेपणा असल्याचे लक्षात आले. रंगांच्या काही छटांमधील भेद त्यांना ओळखता येत नसे. चित्रकार होण्याचा विचार त्यामुळे सोडून द्यावा लागला.

रेखाटनात मात्र ते निपुण होते. रंगांचा संबंध नसलेल्या यांत्रिक रेखाटनाकडे ते वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्या विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून नोकरीस लागले. यंत्राचे रेखाटन करणाऱ्याला त्याचा प्रत्येक भाग कोणत्या मापाचा आहे, तो शेजारच्या भागात कसा बसतो आणि कोणत्या दिशेने फिरतो हे ठाऊक असावे लागते. शिकविता शिकविता लक्ष्मणरावांनी संस्थेतील यंत्रशाळेचाही लाभ घेतला. तुटपुंज्या पगारातील शिल्लक ते यंत्रविषयक पुस्तकांवर व हत्यारांवर खर्च करीत. आवडीने जोपासलेला हा उद्योग पुढे त्यांच्या उपजीविकेचे साधन बनला.

याच सुमारास मुंबईत सायकल हे नवे वाहन दिसू लागले होते. लक्ष्मणरावांनी सायकल विकत घेतली, तिची रचना समजून घेतली आणि सायकली बेळगावास पाठविण्यास सुरुवात केली. तेथे रामूअण्णा सायकलींची विक्री करीत आणि गिऱ्हाइकांना त्या चालविण्यास शिकवीत. इ.स. १८८८ मध्ये सुरू झालेला हा व्यवसाय 'किर्लोस्कर ब्रदर्स' या नावाने ओळखला जाऊ लागला. किर्लोस्कर उद्योगसमूहाचे स्थापनावर्ष म्हणून हेच वर्ष मानले जाते.

संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. हा अन्याय सहन न होऊन त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि कायमचे बेळगावास परतले.

बेळगावातील कारखाना

बेळगावात सायकलींची विक्री व दुरुस्ती चालू होतीच. ज्या रस्त्यावर हे दुकान होते, तो आजही किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो. दुरुस्तीच्या निमित्ताने थोडीफार हत्यारे जमली होती आणि धातूवर काम करण्याचा सरावही झाला होता. मात्र सायकल ही मूठभर सुखवस्तू लोकांची वस्तू होती आणि मोठ्या पेढ्या या व्यापारात उतरू लागल्या होत्या. आपण काही तरी स्वतः घडवावे आणि ते बहुसंख्य लोकांच्या उपयोगाचे असावे, असा विचार करून लक्ष्मणरावांनी शेतीच्या अवजारांकडे लक्ष वळविले.

त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र बनविले. ज्वारीचा अखंड कडबा जनावरांपुढे टाकल्यास ती कोवळा भाग खातात आणि जाड बुंधा तुडवून वाया घालवितात. बारीक तुकडे केलेला कडबा मात्र जवळजवळ सगळा खाल्ला जातो. दुष्काळी वर्षात ही बचत जनावर जगविण्यास पुरेशी ठरे. यंत्राची रचनाही साधी होती. चाकाला बसविलेली पाती हाताने फिरवायची आणि कडबा पुढे सरकवीत राहायचे. पाते पुन्हा पुन्हा धार लावता येईल असे असणे आणि मोडलेला भाग वेगळा बदलता येणे, या दोन गोष्टी खेड्यातील वापराच्या दृष्टीने महत्त्वाच्या होत्या.

लोखंडी नांगर

इ.स. १९०३ मध्ये लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. त्या वेळी महाराष्ट्रात सर्वत्र लाकडी नांगर वापरात होता. गावचा सुतार तो बाभळीच्या लाकडापासून घडवी आणि लोहार त्याला लोखंडी फाळ बसवून देई. या कामाबद्दल दोघांनाही बलुते म्हणून धान्य मिळे. लाकडी नांगर जमीन फोडतो, परंतु ती पालथी करीत नाही. लोखंडी नांगरात फाळाच्या मागे वळणदार पत्रा असतो. फाळाने कापलेला मातीचा पट्टा या वळणावरून चढतो आणि उलटा होऊन तासात पडतो. त्यामुळे खालची माती वर येते, हरळी व कुंद्यासारख्या खोल मुळांच्या तणांची मुळे उघडी पडून उन्हाने वाळतात आणि पावसाचे पाणी जमिनीत अधिक मुरते.

असा नांगर घडविणे लोहाराच्या ऐरणीवर शक्य नव्हते. त्याचे अनेक भाग ओतकामाने करावे लागत. ओतकामात प्रथम हव्या त्या भागाचा लाकडी नमुना तयार करतात. लोखंड थंड होताना आकसते, म्हणून नमुना प्रत्यक्ष भागापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो. हा नमुना ओलसर वाळूत दाबून साचा करतात आणि भट्टीत वितळविलेले बीड त्यात ओततात. नमुना एकदा अचूक साधला की एकाच मापाचे शेकडो भाग निघतात आणि एका नांगराचा भाग दुसऱ्यास बसतो. रेखाटनातील लक्ष्मणरावांचे कौशल्य येथे उपयोगी पडले. मात्र बिडाचे काम कागदावरील रेघेइतके निर्वेध नसते. फाळाचे टोक मऊ राहिले तर ते मुरमाड जमिनीत लवकर झिजते आणि फार कठीण झाले तर दगडावर आपटून तुटते.

नांगर तयार झाला, तरी तो विकणे अधिक कठीण ठरले. लोखंडामुळे जमिनीत विष कालवले जाते आणि तिचा कस जातो, असा समज शेतकऱ्यांमध्ये रूढ होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. शेतकऱ्यांच्या या नकाराला केवळ अंधश्रद्धा म्हणता येत नाही. लाकडी नांगर गावातच दुरुस्त होई आणि त्यासाठी रोख पैसा लागत नसे. लोखंडी नांगराला एकरकमी किंमत मोजावी लागे, भारी जमिनीत बैलांच्या अधिक जोड्या लागत आणि भाग मोडल्यास कारखान्यावर अवलंबून राहावे लागे. एक हंगाम फसला तर कुटुंबाचे वर्ष वाया जाई. प्रत्यक्ष शेतात नांगराचे काम पाहून आणि परिणाम अनुभवूनच शेतकऱ्यांचा विश्वास हळूहळू बसत गेला.

बेळगाव सोडण्याची वेळ

कारखान्याची स्थिती सुधारत असतानाच नवे संकट उभे राहिले. शहराच्या वाढीसाठी नवी वस्ती वसविण्याची योजना आखण्यात आली आणि कारखान्याची जागा रिकामी करण्याचा आदेश बेळगाव नगरपालिकेने दिला. भट्टी, यंत्रे आणि तयार माल यांसह संपूर्ण कारखाना दुसरीकडे हलविणे लक्ष्मणरावांच्या आर्थिक आवाक्याबाहेरचे होते.

या प्रसंगी औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे साहाय्य लाभले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांशी त्यांचा पूर्वपरिचय होता. औंध येथील सभागृहाच्या बांधकामाचे काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपविले होते. संस्थानात कोठेही जागा निवडावी असे त्यांनी सुचविले आणि कर्जाचीही व्यवस्था केली. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळचा सुमारे ३२ एकरांचा माळ निवडला. कच्चे लोखंड व दगडी कोळसा आणणे आणि तयार नांगर दूरवर पाठविणे या दोन्ही गोष्टींसाठी रेल्वेचे सान्निध्य आवश्यक होते.

किर्लोस्करवाडी

इ.स. १९१० मध्ये सुमारे २५ कामगार आपल्या कुटुंबांसह या माळावर राहावयास आले. निवडुंगाने भरलेल्या या ओसाड जागेत सापांचा सुळसुळाट होता आणि पाण्याची टंचाई होती. निवडुंग तोडून प्रथम तात्पुरती घरे आणि कारखान्याची छपरे उभारण्यात आली. कारखान्याबरोबरच घरे, पाणीपुरवठा, शाळा आणि दवाखाना यांची व्यवस्था होत गेली. पुढे रेल्वे स्थानकालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले. हे ठिकाण आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे.

या उभारणीत लक्ष्मणरावांना भिन्न स्वभावांचे आणि भिन्न गुणांचे सहकारी लाभले. रामूअण्णा वसाहतीची आखणी व कारभार पाहत. शंभूराव जांभेकर यंत्रे चालविण्यात आणि दुरुस्त करण्यात वाकबगार होते. मंगेशराव रेगे यांच्याकडे हिशेब व कचेरीचे काम होते. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रज्ञ ठरले. के. के. कुलकर्णी पडेल ते काम पार पाडीत. या मंडळींपैकी बहुतेकांनी आपले कौशल्य महाविद्यालयात न मिळविता प्रत्यक्ष कामातून मिळविले होते. कारखान्यात नेमणूक करताना लक्ष्मणराव प्रमाणपत्रापेक्षा हातातील कसब पाहत.

किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळली जाऊ नये यावर त्यांचा कटाक्ष होता. भट्टीपुढे आणि यंत्रापुढे निरनिराळ्या जातींचे लोक एकत्र काम करीत. शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तींनाही त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याच्या कामावर नेमले. विश्वास टाकला तर माणूस बदलतो, ही त्यांची धारणा होती. पुढे इ.स. १९३९ मध्ये याच औंध संस्थानात आटपाडीजवळ कैद्यांसाठी 'स्वतंत्रपूर' ही खुली वसाहत स्थापन झाली. लक्ष्मणरावांनी काही काळ औंध संस्थानचे दिवाण म्हणूनही काम पाहिले.

पहिले महायुद्ध

इ.स. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशातून येणाऱ्या मालाची आवक घटली. लोखंड, कोक आणि रंग यांचा तुटवडा निर्माण झाला. दुसरीकडे परदेशी नांगर बाजारात येईनासे झाल्यामुळे देशी नांगरांना मागणी वाढली. या काळात कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी पन्हाळगडावरील जुन्या निकामी तोफा वितळविण्यासाठी लक्ष्मणरावांना दिल्या. त्या तोफांच्या धातूपासून नांगर तयार करण्यात आले.

युद्धानंतर, इ.स. १९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' या मर्यादित कंपनीची स्थापना झाली. भावांच्या नावाने चाललेल्या पेढीचे रूपांतर भागधारकांच्या कंपनीत झाले.

उत्पादनांचा विस्तार

नांगरानंतर कारखान्यात उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, हातपंप, रहाट आणि लोखंडी फर्निचर अशी विविध उत्पादने होऊ लागली. यांतील बहुतेक वस्तू दख्खनच्या शेतीच्या बदलत्या गरजांशी निगडित होत्या. पूर्वी ऊस पिळण्यासाठी लाकडी घाणे वापरले जात. लोखंडी चरकात उसावर अधिक दाब पडत असल्याने रस जास्त निघे आणि चरक अनेक हंगाम टिके. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नीरा, प्रवरा आणि गोदावरी या नद्यांवरील कालव्यांखाली ऊस पसरला. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील शिर्डी, राहाता व कोपरगाव हा एकेकाळचा कोरडवाहू पट्टाही त्यात होता. अशा बागायती भागांत खोल नांगरट, उसाचे गाळप आणि पाणी उपसणे या तिन्ही कामांसाठी लोखंडी साधनांची गरज वाढत गेली.

इ.स. १९२६ मध्ये किर्लोस्करवाडीत केंद्रोत्सारी पंप आणि डिझेल इंजिन तयार झाले. दोन्ही यंत्रे भारतातील आपापल्या प्रकारच्या पहिल्या निर्मितींपैकी मानली जातात. विहिरीचे पाणी तोवर मोटेने उपसले जाई. त्यासाठी बैलजोडी आणि मोटकरी दिवसभर गुंतून राहत आणि विहीर खोल गेली की भिजणारे क्षेत्र कमी होत जाई. इंजिन व पंप यांच्या जोडीमुळे सिंचनाचे स्वरूप पालटले. याच वर्षी लक्ष्मणरावांचे ज्येष्ठ पुत्र शांतनुराव हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतून पदवी घेऊन परतले. वडिलांनी अनुभवातून उभारलेल्या कारखान्याला पुत्राच्या शास्त्रशुद्ध शिक्षणाची जोड मिळाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, इ.स. १९४१ मध्ये, म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथसारखी यंत्रे बनविण्यासाठी 'म्हैसूर किर्लोस्कर' ही कंपनी स्थापन झाली. इतर यंत्रे घडविणारी यंत्रे देशातच बनू लागल्याने परदेशी यंत्रांवरील अवलंबित्व कमी होण्यास मदत झाली. इ.स. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे 'किर्लोस्कर ऑइल इंजिन्स' आणि बंगळूर येथे 'किर्लोस्कर इलेक्ट्रिक' या कंपन्या उभ्या राहिल्या.

नियतकालिके

इ.स. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू झाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर (शंवाकि) हे त्याचे संपादक होते. कारखान्याचे वृत्तपत्र म्हणून जन्मास आलेले हे मासिक पुढे 'किर्लोस्कर' या नावाने सामाजिक सुधारणा व विज्ञाननिष्ठा यांचा पुरस्कार करणारे प्रमुख मराठी मासिक बनले. विनायक दामोदर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यातून प्रसिद्ध झाले. इ.स. १९३० मध्ये 'स्त्री' आणि इ.स. १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके निघाली.

उत्तरायुष्य

जानेवारी इ.स. १९४८ मध्ये महात्मा गांधी यांच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर व व्यवसायांवर हल्ले झाले. त्यात किर्लोस्करवाडीलाही आग लावण्यात आली आणि कारखान्याची मोठी हानी झाली. त्या वेळी लक्ष्मणराव ७८ वर्षांचे होते. जातिभेद न पाळण्याचा आग्रह धरलेल्या वसाहतीवर जातीच्या कारणाने हा आघात झाला. कारखाना बंद न करता तो पुन्हा उभा करण्यात आला.

लक्ष्मणरावांच्या पत्नीचे नाव राधाबाई होते. शांतनुराव यांच्यासह त्यांच्या पुत्रांनी व पुतण्यांनी उद्योगाचा विस्तार केला. २६ सप्टेंबर, इ.स. १९५६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

सन्मान आणि स्मृती

लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने २० जून, इ.स. १९६९ रोजी त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले. शंवाकि यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र 'यांत्रिकाची यात्रा' या नावाने प्रसिद्ध आहे. शांतनुरावांच्या 'कॅक्टस अँड रोझेस' या आत्मचरित्रातही वडिलांच्या कार्याची माहिती येते. त्याच्या शीर्षकातील निवडुंग हा वाडीच्या मूळ माळाची आठवण देणारा आहे. किर्लोस्करवाडीतील कारखान्यात आजही पंपांचे उत्पादन होते.